डोनलची हनुवटी

माझ्या गॅरेजमध्ये गाडी कधीच उभी राहिली नाही. आयर्लंडमध्ये शॅननला हे घर घेतलं तेव्हा प्रमोद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "सुलभा, गॅरेज तुझं. गाडी बाहेर भिजेल, पण या देशात ती आत ठेवली तरी ओलीच राहणार." तो इथल्या औद्योगिक वसाहतीत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीअर. मी त्याच्यामागून आलेली बायको, व्हिसावर 'अवलंबित' असा शब्द असलेली. कोल्हापूरला मी चित्रकला शिकले आणि शिकवली होती. इथे आल्यावर पहिलं वर्ष मी भाजीवाल्यांचे, बस ड्रायव्हरचे आणि चर्चमधून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे वहीत काढत काढलं. मग शेजारणीने तिचा कुत्रा काढायला सांगितला. तो कुत्रा तिला इतका आवडला, की तिने गावभर सांगितलं, आणि माझा धंदा सुरू झाला.

पोर्ट्रेट काढून घेणारी माणसं विचित्र असतात, हे मी प्रेमाने म्हणते. एका पबच्या मालकाने सिटिंगला बसल्यावर पहिलं वाक्य टाकलं, "केस थोडे परत देता आले तर बघा." चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी पांढरा फ्रॉक घातलेल्या लहान मुली आईच्या धाकाने खुर्चीत बसतात, आणि तोंडातली गोळी संपली की खुर्ची रिकामी. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सच्या एका मराठी जोडप्याने नाशिकला असलेल्या आईवडिलांचं चित्र मागितलं, पण मागे आयर्लंडचा समुद्र हवा, कारण त्यांचा इथे यायचा व्हिसा काही होत नव्हता. व्हिडिओ कॉलवर चित्र दाखवलं, तर त्या आजी म्हणाल्या, "तिथे एवढं वारं दिसतंय आणि मला स्वेटर नाही का घातलात?" मी घातला. तो निळा स्वेटर हा माझ्या हातून झालेला उत्तम स्वेटर आहे.

डब्लिनच्या गॅलऱ्यांनी मला कधी दारात उभं केलं नाही. पोर्ट्रेट म्हणजे त्यांच्या लेखी ऑर्डरचं काम. त्याची खंत आहे, नाही कशी? पण आज जे सांगायचंय ते कुठल्या गॅलरीत घडलंच नसतं.

आधी थोडं कामाविषयी. लोकांना वाटतं, नाकडोळे जमले की माणूस जमला. तसं नसतं. नाक थोडं चुकलं तरी चालून जातं. नाक आणि ओठ यांच्यामधली जागा चुकली, की समोर दुसराच कुणी बसतो. म्हणून मी चेहरा आतून बाहेर बांधत आणते. आधी कवटी, मग तिच्यावरचं मांस, मग कातडी, आणि केस अगदी शेवटी. दाढीवाला माणूस असला तरी आधी त्याची हनुवटी काढायची आणि मग तिच्यावर दाढी चढवायची. नाहीतर दाढी नाटकातल्यासारखी चिकटवलेली दिसते. समोर माणूस नसेल तर हनुवटी अंदाजाने घालायची. दाढीखाली ती कुणाला दिसणार असते?

२०२० च्या वसंतात माझं काम एकदम वाढलं, आणि ते वाढल्याचा आनंद होण्यासारखं काही नव्हतं. माणसं इस्पितळात जात होती आणि परत येत नव्हती. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी. बाकीच्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि शवपेटीची गाडी जाताना बघायची. मग त्यातलंच कुणीतरी मला फोनवर फोटो पाठवायचं. लग्नातला, सहलीतला, कुणाच्या तरी वाढदिवसाला मागे उभा असलेला धूसर चेहरा. "यातून बाबांना काढता येईल का?" मी काढत होते.

नोराचा फोन आला तेव्हा बाहेर थोडंफार फिरायला नुकती परवानगी मिळाली होती. शॅननच्या पुढे, नदी जिथे समुद्रासारखी रुंद होते, तिथे तिचं शेत. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज खणखणीत. नवरा डोनल एप्रिलमध्ये कोविडने गेला होता.

"फोटो पाठवा," मी म्हणाले.

"फोटो नाही."

"एकही नाही?"

"त्याने काढू दिला तर ना. कॅमेरा दिसला की हा गोठ्यात. लग्नाच्या फोटोत टोपीची सावली आहे, तिच्याखाली काय आहे ते देवालाच माहीत. गाडीच्या परवान्यावर एक टिकलीएवढा होता, तो पाकिटात, पाकीट कोटात, आणि कोट त्याच्याबरोबर गेला. तू ये. मी सांगते, तू काढ."

मी गेले. घर बसकं, पांढरं, मागे गोठा, त्याच्यामागे गवत आणि मग नदीचं करडं पाणी. आत जायची सोय नव्हती. नोरा स्वयंपाकघराच्या खिडकीत आतून बसली, खिडकी वितभर उघडी ठेवून. मी बाहेर घडीच्या खुर्चीवर, अंगात जाड जाकीट, मांडीवर कागद. ती बोलायची इथल्या क्लेअर परगण्याच्या इंग्रजीत, प्रत्येक वाक्याला हेलकावा देत. मी इथे मराठीत लिहितेय.

"कपाळ रुंद?" मी विचारायचे.

"रुंद. पण वरून नाही, बाजूंनी."

"डोळे?"

"खोल. त्याच्याकडे बघताना वाटायचं, हा घराच्या आत उभा राहून बाहेर बघतोय."

"दाढी?"

"भरपूर. मी त्याच्याशी लग्न केलं तेव्हाही होती आणि गेला तेव्हाही होती. दाढीशिवाय तो कसा दिसतो, मला विचारू नकोस."

मी कागद काचेला लावायचे, ती बोट लावून सांगायची. इथे चुकलं, हे वर घे, नाही, हा त्याचा भाऊ झाला. असे बरेच दिवस गेले. तिच्यामागे टेबलावर दोन मग मांडलेले असायचे. एकातून ती चहा प्यायची. दुसऱ्यातही चहा ओतलेला असायचा आणि तो थंड होत असायचा.

एकदा तिनेच डोनलच्या जाण्याचा विषय काढला.

"सुला," ती मला असंच म्हणायची, "ती गाडी या फाटकावरून गेली. मी फाटकाला धरून उभी होते. पेटी बंद. दफनाच्या वेळीही बंद. पेटीत कोण होतं, मला काय माहीत?"

"नोरा, इस्पितळ असं कसं..."

"ते म्हणाले डोनल. मी ऐकून घेतलं. पण मी बघितलं नाही. दगडावर नाव कोरायला माणूस आला होता, त्याला परत पाठवलं मी. म्हटलं, थांब." मग खिडकीच्या फटीजवळ तोंड आणून ती हळू म्हणाली, "तो गेला असेल, तर तुझ्या चित्रात मला कळेल."

चित्राकडून माणसं काय काय मागतात. पण मेलेपणाचा पुरावा माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी मागत होतं.

गॅरेजमध्ये कॅनव्हास लावला आणि काम सुरू केलं. रेखाटनं एवढी झाली होती, की हात आपोआप चालत होता. जरा जास्तच आपोआप. कपाळ, गाल, खोल डोळे. अंदाजाने घातलेली हनुवटी चौकोनी, हट्टी अशी उतरली. खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला, थोडं खाली, एक तिरका खळगा पडला. मला वाटलं, कॅनव्हासच्या विणीत गाठ आहे. मी खळग्यावर रंग भरला, सुकल्यावर तो परत दिसला. म्हटलं, जाऊ दे, वर दाढी येणारच आहे.

दाढी चढवली. तपकिरी, मध्ये करडे केस, कानाजवळ लालसर झाक, नोराने सांगितलं तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर इझलवर दाढी नसलेला माणूस माझ्याकडे बघत होता.

याला कारण आहे. मातकट रंगातलं तेल खालच्या थराने शोषून घेतलं, की रंग आत बसतो, निस्तेज होतो, आणि खालचं काम वर डोकावतं. प्रत्येक चित्रकाराला हे माहीत असतं. मी तेल वाढवलं आणि दाढी पुन्हा काढली, जाड. ती सुकली आणि हनुवटी पुन्हा वर आली. तिसऱ्यांदा मी रंग ब्रशने न लावता सुरीने थापला.

त्यानंतर प्रमोदला बोलावलं. प्रमोद अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. चित्रापुढे उभा राहून तो म्हणाला, "अगं, तू दाढी अजून काढलीच नाहीयेस."

"हात लावून बघ."

त्याने हात लावला. लगेच काढून घेतला. मग मीही लावला. बोटाला दाढी लागत होती, केसाकेसाचा खरखरीतपणा कळत होता. डोळ्याला मात्र ती दिसत नव्हती. आम्ही दिवा फिरवून पाहिला, बाजूने पाहिलं. अगदी तिरकं बघितलं की रंगाचे उंचवटे दिसायचे. समोर आलं की गुळगुळीत, नुकती दाढी केलेली हनुवटी आणि तो खळगा.

"काहीतरी प्रकाशाचा खेळ असेल," प्रमोद म्हणाला. पण जाताना गॅरेज आणि घर यांच्यामधलं दार त्याने ओढून घेतलं. एरवी ते उघडंच असतं.

शेवटी मी सुरीने तो सगळा रंग खरवडला. गणपती तोंडावर आले होते. म्हटलं, सण झाला की नव्याने सुरुवात करू.

त्या वर्षी आमच्याकडे गणपतीला गर्दी करता येत नव्हती. शॅनन आणि जवळच्या लिमरिक शहरातली ओळखीची मराठी माणसं एकेक करून आली, दारातून दर्शन घेतलं आणि गॅरेजमधल्या टेबलावरून मोदकांचा डबा उचलून गेली. चित्र कोपऱ्यात इझलवर होतं, त्यावर कापड टाकायचं राहून गेलं होतं.

शीतल दुपारी आली. ती सांगलीची, लिमरिकमधल्या एका इस्पितळात नर्स. ड्यूटी संपवून तशीच आली होती, मास्कचे वळ गालावर होते. डबा घेतला, वळली आणि थबकली.

"काकू, हे आजोबा तुमच्याकडे कसे?"

"कोण आजोबा?"

"हे." तिने डबा परत टेबलावर ठेवला. "हे आमच्याकडे होते."

"शीतल, नीट बघ. या माणसाला मोठी दाढी होती."

"होती ना. ऑक्सिजनचा मास्क नीट बसेना, म्हणून काढायला लागली. मीच काढली." तिने आपल्या ओठाखाली बोट ठेवलं. "इथे हा खळगा होता. मला वाटलं माझ्याच हातून लागलं, घाबरले. पण जुनी खूण होती." मग तिचा आवाज बदलला. "तुम्ही कुठे बघितलंत त्यांना? दाढी काढल्यावर आमच्याशिवाय त्यांना कुणी बघितलं नाही, काकू. कुणीच नाही."

प्रमोद आतून आरतीचं तबक घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला. शीतल खुर्चीवर बसली आणि तिने बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघितलं. एवढ्या सगळ्या पेशंटमध्ये तिला तो कसा लक्षात राहिला, हे मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी मला एक विचारलं होतं आणि मी खोटं बोलले." मग तिने डबा उचलला. "पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, काकू. हे एवढंही बोलायला नको होतं."

आता माझी पंचाईत झाली. त्या चित्रावर पुन्हा दाढी काढायचा माझा धीर होत नव्हता. आणि जिने दाढीशिवाय नवऱ्याला कधी पाहिलं नाही, तिच्यापुढे ते चित्र तसंच न्यायचं? प्रमोद म्हणाला, "नको नेऊस. सांग, जमलं नाही." मी आयुष्यात बऱ्याच जणांना वेळ लागेल म्हणून सांगितलंय, जमलं नाही असं सांगितलेलं नाही. थोडा त्याचा अहंकार होता. थोडं असंही वाटत होतं, की ते चित्र माझं नाहीच, मी फक्त पोचवायचंय.

रंग पुरता सुकल्यावर, शरद ऋतूतल्या एका ढगाळ दुपारी मी ते नोराकडे नेलं. खिडकीसमोर खुर्चीवर ठेवलं, वरचं कापड काढलं आणि बाजूला झाले.

नोरा काचेजवळ सरकली. नदीवरून कसलेसे पक्षी ओरडत गेले. मग तिने हात वर केला आणि आतून काचेवर बोट टेकवलं, बरोबर त्या खळग्यावर.

"फाटकाचं तुला कुणी सांगितलं?"

"कसलं फाटक?"

"एकोणीस वर्षांचा असताना वळूने फाटक अंगावर ढकललं त्याच्या. ओठाखाली खोक पडली. ती झाकायला दाढी वाढवली. मी शाळेतून येताना त्याला बघायचे, तेव्हाचा हा चेहरा आहे, म्हातारा झालेला." ती माझ्याकडे वळली. "माझी सासू गेली, त्याचा भाऊ गेला. हे आता माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. मीसुद्धा विसरले होते. तुला कुणी सांगितलं?"

मी तिला गॅरेजमध्ये काय झालं ते सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा थापलेल्या दाढीचं सांगताना मला स्वतःलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं. नोराला नाही वाटलं. ती मान हलवत ऐकत होती, आपल्या माणसाच्या सवयी दुसऱ्याच्या तोंडून ऐकाव्यात तशी. नर्सचं सांगताना मी शीतलचं नाव घेतलं नाही.

"तिने त्याला पाहिलं?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"माहीत नाही."

"तिला म्हणावं, मी कुठे तक्रार करणार नाही, कुणाला सांगणार नाही. फक्त ये म्हणावं."

शीतल आधी नाही म्हणाली. नोकरीची भीती होतीच, आणि मला वाटतं दुसरीही एक भीती होती. मी आग्रह केला नाही. पुढच्या आठवड्यात तिनेच फोन केला, "काकू, कधी जायचं?"

आम्ही दोघी गेलो. नोराने चांगला कोट घातला होता आणि ती खिडकीत न बसता फाटकाशी येऊन उभी होती. ती आत, आम्ही बाहेर. शीतलने आधी माझ्याकडे पाहिलं. मग मराठीत मला म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा ना."

"तूच सांग. तिला तुझ्या तोंडून हवंय."

शीतल इंग्रजीत हळूहळू बोलायला लागली. ते फार बोलायचे नाहीत. दम लागायचा. दाढी काढताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि झाल्यावर हनुवटीवरून हात फिरवून हसले. शेवटच्या सकाळी शीतल त्यांचा हात धरून बसली होती. हातमोज्यातून, पण धरून. ते एकटे नव्हते.

"आणि त्यांनी विचारलं, नदी कुठल्या बाजूला आहे," शीतल म्हणाली. "मला माहीत नव्हतं. तिथून नदी दिसतच नाही. मी म्हटलं, या बाजूला, आणि त्यांचा चेहरा खिडकीकडे वळवला. मी खोटं सांगितलं. रोज ते मनात येतं."

नोरा फाटकावर दोन्ही हात ठेवून उभी होती. आणि ती हसली. रडत होती, पण हसली.

"पोरी, त्या माणसाला डोळे बांधून कुठेही सोडा, नदी कुठे आहे ते तो सांगायचा. तुझं खोटं त्याला लगेच कळलं असेल. तुला बरं वाटावं म्हणून तो वळला."

शीतल गाडीत बसल्यावर जी रडायला लागली, ती लिमरिक येईपर्यंत. मी रेडिओ लावला नाही.

हिवाळ्यात दगडावर डोनलचं नाव कोरलं गेलं. चित्र नोराने निजायच्या खोलीत लावलं. पैसे देताना म्हणाली, "ग्रँड झालंय, सुला. पण माझ्या बहिणीला आवडत नाही, ती त्या खोलीत जात नाही." नंतरच्या कडक बंदीच्या महिन्यांत आमचं फोनवर बोलणं व्हायचं. गाईंबद्दल, पावसाबद्दल. चित्राबद्दल मी विचारायचे नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात लस घेऊन झाल्यावर तिचा फोन आला. आता तिला स्वतःचं पोर्ट्रेट हवं होतं. "मी समोर बसते, तुझं काम सोपं आहे," ती म्हणाली.

मी पहिल्यांदाच त्या घरात आत गेले. स्वयंपाकघरात उजेड चांगला होता. नोरा खिडकीजवळ बसली, मी तिच्यासमोर भिंतीला पाठ करून इझल लावला. माझ्यामागे बंद दार, एक रिकामी भिंत आणि चूल, एवढंच. मी काम सुरू केलं. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं समोर, सगळं दिसणारं. खूप दिवसांनी हात मोकळा चालत होता.

डोळ्यांशी आले आणि अडले. नोराची नजर ठरेना. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पलीकडे बघत होती. नजर दारापाशी असायची, तिथून सावकाश भिंतीच्या कडेने चुलीपर्यंत जायची, थोडी थांबायची आणि परत यायची. तोंडावर हसू. खोलीत कुणी आपल्या कामात असावं आणि आपण बसल्या बसल्या त्याच्याकडे बघावं, तसं.

"नोरा," मी म्हणाले, "नजर एका ठिकाणी ठेव. नाहीतर डोळे जमणार नाहीत."

"मी एकाकडेच बघतेय," ती म्हणाली. "तोच एका जागी थांबत नाहीये."

मी ब्रश हातात धरून तशीच उभी राहिले. चूल विझलेली होती, पण मानेवर ऊब जाणवत होती, जनावर जवळ उभं राहिलं की जाणवते तशी. गवताचा ओला वास आला. नोराची नजर चुलीकडून निघाली, सरकत सरकत माझ्या डाव्या खांद्यापर्यंत आली आणि तिथे स्थिर झाली. हलली नाही.

"हां," ती समाधानाने म्हणाली. "आता काढ. तो बघतोय तू कशी काढतेस ते."

मी डोळे काढले. एवढी वर्षं चेहरे काढतेय, पण इतके जिवंत डोळे माझ्या हातून दुसरे उतरले नाहीत. ते होईपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.